मोसम त्यांचा, वहाण आपली

ऑक्टोबरच्या ज्या उकाड्यात ठाकुर्लीच्या फलाटावर धीम्या गाडीची वाट पाहता पाहता सदरा पाठीला चिकटतो, त्याच दिवसांत वेषभूषेची गुळगुळीत मासिके आपल्या वाचकांना लोकरी डगले, गुडघ्यापर्यंत चढणारे चामडी जोडे आणि गळ्याभोवती दोन-तीन वेढे घेणारे गुलुबंद यांची शिफारस मोठ्या आग्रहाने करीत असतात. मिलान आणि पॅरिस येथील पेढ्या येत्या वसंताचे कपडे सप्टेंबरात व पुढल्या हिवाळ्याचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडतात, आणि त्यांचे हे पंचांग जगभरच्या मासिकांनी शिरोधार्य मानलेले असल्यामुळे आपल्या लग्नसराईची, श्रावणातल्या मंगळागौरीची, गणपतीची अथवा पाडव्याची त्या पंचांगाला दखल घ्यावी लागते ती फक्त जाहिरातीपुरती. या विसंगतीवर विनोद करणे सोपे आहे. परंतु मी ही मासिके आवडीने वाचतो, माझ्या वयाच्या पुरुषाने ती वाचावीत याचे घरात अधूनमधून होणारे आश्चर्य गृहीत धरूनही वाचतो. कारण मनुष्य अंगावर काय घालतो आणि त्यासाठी कोणाला किती मोबदला देतो यावरून त्याच्या समाजाची जेवढी पारख होते, तेवढी त्याच्या भाषणांवरून होत नाही.

या मासिकांतील छायाचित्राहूनही माझे लक्ष वेधून घेते ती त्याच्या कडेला अतिशय बारीक टायपात छापलेली श्रेयाची ओळ. पोशाख अमक्या पेढीचा, कर्णभूषणे तमक्या जवाहिऱ्याची, पादत्राणे आणखी कोणाची, केशरचना व रंगभूषा यांनी केली, छायाचित्र यांनी घेतले, त्यांना साहाय्य यांनी केले, आणि ज्या हॉटेलच्या सज्जात हे सर्व घडले त्याच्या सौजन्याचाही उल्लेख तेथे इमानेइतबारे केलेला असतो. किमतीच्या जागी पुष्कळदा ‘विचारणा केल्यास कळविली जाईल’ असे असते, ज्याचा सरळ अर्थ विचारावी लागणाऱ्याने विचारू नये असा होतो. या ओळीत सर्वांना स्थान असते. एक वस्त्र विणणारा, एक कातडे कापणारा आणि एक मोती ओवणारा सोडून. माझी तक्रार या ओळीविषयी आहे, आणि गेल्या काही मोसमांतील ज्या वेषांवर व अलंकारांवर माझे मन बसले, त्यांच्याविषयी चार शब्द लिहिताना ती तक्रार पुन्हा पुन्हा वर येणार आहे.

वेष चित्रात पाहून घेण्याची सवय मराठी घरांना या मासिकांनी लावली असे मात्र कोणी समजू नये. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी लुगड्याचा घोळ, पदराचा झोत आणि दागिन्यांची मांडणी यांचे वस्तुपाठ माजघराच्या भिंतीवरून कित्येक वर्षे दिले. त्यानंतर दिवाळी अंकांचा जमाना आला. १९४५ साली सुरू झालेल्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलालांनी आणि इतर अनेक अंकांच्या मुखपृष्ठांवर रघुवीर मुळगावकरांनी ज्या स्त्रिया चितारल्या, त्यांच्या अंबाड्यातील फूल, चोळीची बाही आणि काठाची रुंदी डोळ्यांत साठवून घेणाऱ्या वाचकांना मजकुराकडे वळायला थोडा उशीरच होत असे. आमच्या ठाकुर्लीत, चोळ्याच्या वीजघराच्या छायेत वसलेल्या रेल्वे वसाहतीतून, हे अंक घरोघर फिरत. ते वीजघर बंद पडूनही पुष्कळ वर्षे लोटली, नव्वद फुटी रस्त्याच्या कडेने मनोरे उभे राहिले, आणि आता त्या मनोऱ्यांतील मुली तेच निरीक्षण हातातल्या पडद्यावर करतात, एवढाच काय तो फरक.

अलीकडील मोसमांतील सर्वांत देखणी वस्तू कोणती, असे कोणी मला विचारले तर मी नि:शंकपणे सांगेन की ती एक वहाण होती. जून २०२५ मध्ये मिलान शहरी प्राडा या इटालियन पेढीने पुढील वर्षाच्या वसंत-उन्हाळ्यासाठी पुरुषांचे जे कपडे मांडले, त्यांतील काही तरुणांच्या पायांत अंगठ्याची, वेणीच्या पट्ट्याची, सपाट तळाची जी चामडी चप्पल होती, ती कोल्हापूरची आहे हे ओळखायला कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर यांतील कोणाही शेतकऱ्याला निमिषमात्र पुरे झाले असते. पेढीने मात्र तिचे वर्णन ‘चामडी सँडल’ एवढेच केले होते, आणि वर्तमानपत्रांनी तिची किंमत लाख-सव्वा लाखाच्या घरात सांगितली. मग जो क्षोभ उसळला तो वाचकांच्या स्मरणात ताजा असेल. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पेढीला पत्र धाडले. पेढीने या घाटाची प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांतून घेतल्याचे मान्य केले. जुलैमध्ये तिची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांच्या घरी बसून गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली व ती फेटाळलीही गेली, कारण भौगोलिक निर्देशनाचा हक्क ज्यांच्या नावे नोंदलेला आहे त्यांनीच दाद मागावी, तिऱ्हाइताने नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. हा हक्क २०१९ साली मिळाला असून तो महाराष्ट्रातील वर सांगितलेल्या चार व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या चार जिल्ह्यांसाठी आहे. भाषेच्या नकाशावर ज्या सीमेपायी इतकी वर्षे दावे चालले आहेत ती सीमा चांभाराच्या आरीने कधीच मानली नव्हती, आणि निदान या एका कागदावर तरी दोन्ही सरकारांची नावे शेजारी शेजारी आली, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणात विशेष सुखद वाटली.

ज्या वस्तूसाठी एवढा गदारोळ झाला, ती होते कशी हे मात्र त्या गदारोळात फार थोड्यांनी सांगितले. कातडे कमावण्याची जुनी रीत अशी की ते पिशवीसारखे शिवून, बाभळीची साल व हिरडा यांचा अर्क त्यात भरून टांगून ठेवायचे आणि तो अर्क हळूहळू कातड्यात मुरू द्यायचा. या रीतीत घाई चालत नाही आणि रसायनांची लुडबूड नसते, म्हणूनच त्या कातड्याला तो मधाळ तपकिरी रंग चढतो. मग रापीने तळाचे थर कापायचे, दोन्ही बाजूंस ‘कान’ बसवायचे, पट्टा व अंगठा ओवायचा, आणि हे सर्व चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. पट्ट्यावरची बारीक वेणी बहुधा घरातील स्त्रिया घालतात. कोल्हापूरच्या सुभाषनगरात व जवाहरनगरात, तसेच अथणीकडच्या गावांत, बसायला जेमतेम जागा असलेल्या खोलीत तीन पिढ्या एकाच जोडाची निरनिराळी अंगे घडवीत असतात. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाली ही त्या घाटांची नावे. नवी कापशी पायांत घालून चालताना जी करकर ऐकू येते ती एके काळी पाटलाच्या येण्याची वर्दी समजली जाई. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत या धंद्यास राजाश्रय लाभला. त्यानंतर आश्रय देण्याचे काम गिऱ्हाइकांकडे आले.

या गिऱ्हाइकाविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी, मला खरे बोलायचे आहे. प्राडावर रागावणे रास्त होते; ज्याचा घाट उचलला त्याचे नाव न घेणे हा अशिष्टपणा आहे आणि तो पॅरिस-मिलानच्या पेढ्यांनी आजवर अनेक देशांच्या बाबतीत केलेला आहे. परंतु त्याच जून महिन्यात जे हजारो लोक आपल्या वारशाच्या अपहाराबद्दल संतप्त झाले होते, त्यांतील किती जणांनी कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत उभे राहून हजार-बाराशेच्या जोडासाठी दोनशे रुपये कमी करून घेतले नव्हते? अंबाबाईचे दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा आणि चपलेच्या किमतीवरून घासाघीस, असा आपल्या कोल्हापूरवारीचा ठरलेला कार्यक्रम आहे. जो मनुष्य मॉलमध्ये शिरून रबरी तळाच्या परदेशी बुटाची छापील किंमत तोंडातून ब्र न काढता मोजतो, तोच हाताने शिवलेल्या वहाणेपुढे उकिडवा बसून ‘शेवटचं सांगा’ म्हणतो. दुकानदाराला द्यायचे ते कमी केले की दुकानदार कारागिराला द्यायचे कमी करतो, आणि मग तो कारागीर आपल्या मुलाला रापी हातात न देता कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाठवितो. या साखळीत इटलीचा संबंध कोठेही येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी व कर्नाटकच्या तशाच महामंडळाशी करार केला. त्यान्वये सुमारे दोन हजार जोड इकडच्या कारागिरांकडून करवून घेऊन ते आठशे युरोंच्या आसपास विकायचे, आणि वस्तूवर कोल्हापुरी चपलेचे ऋण शब्दांत मान्य करायचे असे ठरले. हा करार म्हणजे आमचा विजय, असे काहींनी लिहिले. हा दानधर्माचा देखावा आहे, असे इतरांनी. मला तो एक बरा व्यवहार वाटतो, कारण त्यात निदान श्रेयाच्या ओळीत गावाचे नाव दाखल झाले. कारागिराच्या हाती त्या आठशेतील किती पडणार, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारीत राहण्याचे काम दोन्ही महामंडळांचे आहे.

वहाणेवरून नाकाकडे वळतो. मे २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला ग्रां प्री हा सन्मान मिळाला. त्यातील रुग्णालयातल्या आचाऱ्याचे काम करणाऱ्या पार्वतीची भूमिका करणाऱ्या छाया कदम महोत्सवाच्या लाल गालिच्यावर आल्या त्या आपल्या आईची साडी नेसून आणि आईचीच नथ घालून. आईला विमानातून कोठे नेणे राहून गेले, निदान तिची साडी आणि नथ तरी येथवर आणली, अशा आशयाचे त्यांनी लिहिले होते. त्या आठवड्यात त्याच गालिच्यावरून किती रेशीम व किती हिरे गेले याची गणती नाही, आणि प्रत्येकामागे पेढीचा एक प्रतिनिधी सेफ्टी पिना घेऊन उभा असणार. पण गेल्या काही वर्षांतील माझा सर्वांत आवडता वेष कोणता, तर हा. त्याला श्रेयाची ओळ लिहायची झाली असती तर ‘साडी व नथ : आईच्या सौजन्याने’ अशी लिहावी लागली असती, आणि तशी ओळ छापण्याची सोय कोणत्याही मासिकात नाही. याच महोत्सवात २०१३ साली सोनम कपूर यांनीही अनामिका खन्ना यांच्या साडीवर भली मोठी नथ घातली होती, व मासिकांनी तिचे कौतुकही पुष्कळ केले. ती नथ सुंदर होती, पण ती वेषासाठी निवडलेली होती. छाया कदमांची नथ आधी घरात होती आणि वेष तिच्यामागून आला.

नथीची मासिके ठाकुर्लीत विकत घ्यावी लागत नाहीत, ती स्वत:च्या पायांनी चालत येतात. दुपारच्या सुमारास गर्दी जरा ओसरली की बायकांच्या डब्यात एक विक्रेती चढते, असे घरातील स्त्रियांकडून मी ऐकत आलो आहे आणि तिच्याकडील माल घरी आल्यावर पाहातही आलो आहे. एका मोठ्या पुठ्ठ्यावर ओळीने टोचलेली ऑक्सिडाइज्ड झुमक्यांची जोडी, खणाच्या कापडाने मढविलेली चकतीसारखी कर्णफुले, केसांचे चाप, आणि खालच्या ओळीत प्रेसच्या नथा, ज्या नाक टोचलेले नसतानाही चिमटून बसतात. २०१४ साली ‘जय मल्हार’ मालिका सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत या पुठ्ठ्यावर ‘बानू नथ’ अवतरली. २०१५ अखेर ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि काशीबाईंच्या दागिन्यांची पितळी भावंडे तेथे दाखल झाली. मिलानमधील घाट मुंबईच्या दुकानात उतरायला सहा महिने लागतात. बानूची नथ डोंबिवली-ठाकुर्लीदरम्यान त्याहून किती तरी आधी पोचली. ही बाई मोसमाचे निदान करण्यात कोणत्याही संपादिकेइतकीच तरबेज आहे, कारण चुकीचा माल उचलला तर त्याची भरपाई तिलाच करावी लागते. तिच्या पुठ्ठ्यावरही अर्थात बनविणाऱ्याचे नाव नसते, पण ती कोणाला फसवीत नाही; तीस रुपयांची वस्तू तीस रुपयांची म्हणून देते.

खणाचे भाग्य मात्र थक्क करणारे आहे. चोळीपुरते आणि ओटीपुरते ज्याचे आयुष्य, देवीपुढे नारळासोबत ठेवला जाणारा तो चौकोनी तुकडा, बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डच्या मागांवरचा, गेल्या दहा वर्षांत साडी झाला, झोळी झाला, कुर्ता झाला, जाकीट झाला, नवरदेवाच्या उपरण्याला लागला आणि महामारीच्या काळात नाकातोंडावरही बसला. मुंबईच्या वैशाली एस. यांनी तर हातमागाची वस्त्रे २०२१ मध्ये पॅरिसच्या ‘ओत कुतूर’ सप्ताहात नेली, आणि देशी मागांवर इतका विश्वास टाकणारे मोजकेच डिझायनर आपल्याकडे आहेत. पण बाजारात खण म्हणून जो विकला जातो त्यातील फार मोठा भाग यंत्रमागावर कृत्रिम धाग्याचा काढलेला असतो, आणि विकत घेणारीला ते बहुधा ठाऊकही नसते. तिला दोष देण्यापूर्वी हे विचारावे की हातमागाचा अमुक गावचा, यंत्रमागाचा तमुक गावचा, अशी साधी चिठ्ठी लावण्याची तसदी किती दुकाने घेतात.

सगळ्याच देशी वस्तू परदेशी पेढीच्या हाती लागल्याने उजळतात असे नव्हे. बुल्गारीने २०२१ मध्ये भारतीय बाजारासाठी साडेतीन लाखांच्या आसपासचे मंगळसूत्र काढले. काळे मणी होते, सोने होते, हिरे होते, फक्त दोन वाट्यांची ती सरळ, समजूतदार मांडणी नव्हती. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

आणि आता फडके रस्त्याविषयी, कारण ठाकुर्लीकराला खरा मोसम पाहायचा तर एक स्टेशन अलीकडे उतरावे लागते. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर तरुणांचा जो समुदाय लोटतो, आणि १९९९ पासून श्री गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत जी नऊवारी, फेटे, नथा आणि काळे चष्मे घातलेल्या दुचाकीस्वार मुलींची पथके निघतात, त्यांच्यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. संस्कृतीचे रूपांतर छायाचित्रात झाले, असे ते म्हणतात, आणि शिवलेल्या नऊवारीवर तर त्यांचा विशेष रोष असतो. मला तो रोष समजत नाही. नेसायला अर्धा तास, सोडायला पाव तास, आणि मधल्या वेळात ती सुटेल ही धास्ती, अशा वस्त्राला चेन व नाडी लावून ज्यांनी ते सकाळच्या गाडीत चढण्याजोगे केले, त्या कल्याण-डोंबिवलीच्या शिंपिणींनी एका पिढीच्या मुलींना आजीचे लुगडे परत मिळवून दिले. पेशवाई, मस्तानी, ब्राह्मणी असे नाना प्रकार त्या कापतात, गिऱ्हाइकाच्या उंचीप्रमाणे काष्ट्याचा घेर बदलतात, आणि पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्या मशिनी रात्री उशिरापर्यंत चालू असतात. मासिकात अशा वस्त्राला ‘प्री-ड्रेप्ड’ म्हटले की त्याच्यापुढे पाच आकडी किंमत लागते.

म्हणून येत्या दिवाळीपासून एक लहानशी रुजवात व्हावी अशी माझी सूचना आहे, आणि ती मिलानला उद्देशून नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांच्या वेषभूषेच्या पानांवर, डोंबिवलीच्या सभागृहांत भरणाऱ्या साड्यांच्या व दागिन्यांच्या प्रदर्शनांत, जेथे जेथे वस्तूसोबत पेढीचे नाव छापले जाते तेथे गावाचे आणि, कारागिराची संमती असल्यास, त्याचेही नाव छापावे. शिवलेली नऊवारी असेल तर शिंपिणीचे. वहाण असेल तर ती सुभाषनगरची की अथणीकडची, कातडे साल-हिरड्यात कमावलेले की रसायनात, हे एका ओळीत. संपादकांना यासाठी पाच-सहा शब्दांची जागा द्यावी लागेल, हॉटेलच्या सौजन्याचा उल्लेख गाळून ती सहज निघेल. आणि किंमत तेथेच, आकड्यांत छापावी, म्हणजे कोल्हापूरच्या दुकानात उकिडव्या बसलेल्या गिऱ्हाइकालाही ती आधीच ठाऊक असेल.